मूळ फोटो शाबूत ठेवून एडिटिंग: डिजिकॅममध्ये घडी कशी बसवायची

आजी गेली तेव्हा फ्रेमसाठी तिचा फोटो हवा होता. समोरून, हसरा आणि डोळे उघडे असलेला असा एकच सापडला, तोही २००९ सालच्या एका बारशाच्या ग्रुप फोटोत. फोटो दहा मेगापिक्सेलचा होता, ३६४८ बाय २७३६. चौदा माणसं, त्यात आजी उजवीकडून तिसरी. रात्री साडेदहाला मी आजीपुरता चौकोन आखला, क्रॉप केलं, मागचा अंधार जरा उजळला आणि कंट्रोल-एस दाबलं. दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह फोटोवाल्याकडे गेला, फ्रेम आली, हार चढला.

चार महिन्यांनी काकूचा फोन आला. "अरे, त्या फोटोत तुझे काका मागे उभे होते ना? तेवढा फोटो पाठव मला." फाइल उघडली तर आत आजी एकटी. बाकीच्या तेरा जणांना मीच कापून टाकलं होतं.

तेव्हा हाताला लागली ती कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी कधीकाळी टाकलेली प्रत, १६०० बाय १२००. चांगल्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरतात. त्या हिशेबाने अख्खा ग्रुप सव्वापाच बाय चार इंचांत बरा छापता येतो, पण काकांचा चेहरा जेमतेम नव्वद पिक्सेल रुंद, म्हणजे छापल्यावर इंचाचा तिसरा हिस्सासुद्धा नाही.

"मूळ फोटो जपा, आधी कॉपी काढा" हा सल्ला मलाही माहीत होता. पण रात्री साडेदहाला बोट आपोआप कंट्रोल-एसकडे जातं, त्याला सल्ला आठवत नाही. म्हणून या लेखात सवयीबद्दल फार काही नाही. बोट चुकलं तरी मूळ फाइलला धक्का लागणार नाही अशी व्यवस्था कशी लावायची, तेवढंच आहे. उदाहरणाला डिजिकॅम हे फोटो सांभाळायचं आणि एडिट करायचं सॉफ्टवेअर घेतलंय. ते फुकट आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं आणि मी स्वतः रोज वापरतो.

तुमचं सॉफ्टवेअर कोणत्या जातीचं आहे?

फोटो सांभाळणारी सॉफ्टवेअरं मूळ फाइलशी तीन प्रकारे वागतात.

पहिली जात सरळसोट. सेव्ह म्हटलं की त्याच फाइलवर लिहून मोकळी. साधे फोटो व्ह्यूअर बहुतेक असेच असतात. काहींत 'सेव्ह ॲज कॉपी'चं बटण शेजारीच असतं, पण शेजारी असून उपयोग काय?

दुसरी जात फाइलला हातच लावत नाही. फोटोवर काय काय करायचं याची कृती आपल्या वहीत लिहून ठेवते आणि दाखवताना दरवेळी ती कृती मूळ फोटोवर चढवून दाखवते. लाइटरूम, शॉटवेल, ॲपलचं फोटोज ही या जातीतली. शॉटवेलमध्ये एडिट केलेला फोटो पाहताना शिफ्ट दाबून धरा, मूळ फोटो दिसतो. यात मूळ फोटो सुरक्षित राहतो, पण दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. एक्स्पोर्ट करेपर्यंत एडिट केलेला फोटो फाइल म्हणून सहसा कुठेच नसतो, त्यामुळे फोल्डरमधून उचलून पाठवलात तर मूळच जातो. आणि ती वही, म्हणजे कॅटलॉग किंवा डेटाबेस, गेली की केलेली मेहनतही गेली.

डिजिकॅम तिसऱ्या जातीचं. मूळ फाइल तशीच ठेवून शेजारी नवी फाइल तयार करतं आणि दोघींचं नातं लक्षात ठेवतं. ही सोय २०११ साली आलेल्या २.० आवृत्तीपासून आहे. मला ही पद्धत आवडते, कारण उद्या डिजिकॅम काढून टाकलं तरी दोन्ही फाइली फोल्डरमध्ये उघड्या डोळ्यांना दिसतात.

जेपीजीबद्दल एक गैरसमज खूप पसरलाय, की फोटो नुसता उघडून पाहिला तरी खराब होतो. तसं होत नाही. उघडल्याने, कॉपी केल्याने काही बिघडत नाही. पण एडिट करून पुन्हा सेव्ह केलं की चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे नव्याने दाबले जातात आणि थोडा तपशील दरवेळी गळतो. एकदा केल्याने कळत नाही. दहादा केलं की आकाशात आणि गालांवर चौकटी दिसायला लागतात.

आधी दोन फोल्डर

सॉफ्टवेअर उघडण्याआधी हे करा. एक फोल्डर 'मूळ' नावाचा, दुसरा 'काम' नावाचा. दोन्हींत आत वर्ष आणि महिना: २०२४-११, २०२४-१२ असं. कार्डावरून किंवा फोनवरून आलेले फोटो दोन्हीकडे कॉपी करा. डिजिकॅमला फक्त 'काम' दाखवायचा, सेटिंग्जमध्ये 'कलेक्शन्स' या पानावर. 'मूळ' फोल्डर त्याच्या गावीही नको.

कॉपी झाल्यावर 'मूळ'मधल्या फाइलींना रीड-ओन्ली करा. विंडोजमध्ये फाइली निवडून प्रॉपर्टीजमध्ये ती खूण असते. क्रम मात्र चुकवू नका: आधी दोन्हीकडे कॉपी, मग खूण. विंडोजमध्ये कॉपी करताना ही खूण फाइलीसोबत जाते, आणि मग 'काम'मध्येही सेव्ह होईना म्हणून डोकं खाजवत बसाल. शिवाय रीड-ओन्ली म्हणजे कुलूप नव्हे, नुसती कडी. चुकून सेव्ह होणं थांबतं, पण डिलीट केलं तर फाइल जाऊ शकते.

"दुप्पट जागा लागेल की!" लागेल. पाच एमबीचे दहा हजार फोटो म्हणजे ५० जीबी. आजच्या हार्ड डिस्कवर एवढी जागा सहज निघते.

कार्डावरून आणताना 'डाउनलोड करून डिलीट' असा पर्याय दिसेल. तो घेऊ नका. दोन्ही फोल्डर उघडून पाहिल्यावर, तेही दुसऱ्या दिवशी, कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

व्हर्जनिंगचं पान

'सेटिंग्ज' मेनू, त्यात 'कॉन्फिगर डिजिकॅम', आत इमेज एडिटरचं पान आणि त्यावर 'व्हर्जनिंग' नावाचा टॅब. सगळ्यात वर नॉन-डिस्ट्रक्टिव्ह एडिटिंग आणि व्हर्जनिंग, म्हणजे मूळ फाइल न बदलता शेजारी नवी आवृत्ती करण्याची सोय, चालू करण्याची चौकट आहे. नव्याने टाकलेल्या डिजिकॅममध्ये ती टिक केलेलीच असते, तरी डोळ्यांनी पाहा. ही टिक नसेल तर एडिटरमधलं सेव्ह थेट मूळ फाइलवर लिहितं, म्हणजे आपण पुन्हा पहिल्या जातीत.

त्याच पानावर नवी फाइल कोणत्या फॉरमॅटमध्ये व्हावी ते ठरवता येतं. आपोआप जेपीजी असतं. फोटो एकदाच सुधारून पाठवायचा असेल तर जेपीजी पुरे. जुन्या फोटोवर आज थोडं, पुढच्या रविवारी थोडं असं काम चालणार असेल तर पीएनजी किंवा टिफ घ्या, म्हणजे दरवेळच्या सेव्हमध्ये तपशील गळणार नाही. फाइल मोठी होते, एवढंच.

मधले टप्पे ठेवायचे का, हाही प्रश्न तिथेच विचारलाय. 'पुन्हा तशाच करता न येणाऱ्या पायऱ्या असतील तेव्हा' अशा अर्थाचा पर्याय टिक करा, बाकीचे सोडा. एडिटर बंद करताना काय व्हावं, यात 'नेहमी विचारा' ठेवा. आपोआप सेव्ह करणारं सॉफ्टवेअर आपल्या कामाचं नाही.

आणि मूळ फोटो नेहमी दाखवत जा, म्हणजे 'ऑल्वेज शो ओरिजिनल इमेजेस', ही टिक माझ्या मते सक्तीची आहे. का, ते आता प्रत्यक्ष एडिट करताना कळेल.

एक फोटो एडिट करून पाहू

समजा फोटोचा नंबर २०४१. थंबनेल निवडा, एफ४ दाबा, इमेज एडिटर उघडेल. 'ट्रान्सफॉर्म' मेनूतून 'क्रॉप' घ्या, चौकोन आखा, ओके म्हणा. आता वरच्या पट्टीत पाहा. साध्या सेव्हऐवजी दोन बटणं दिसतील: 'सेव्ह चेंजेस' आणि 'सेव्ह ॲज न्यू व्हर्जन'.

मूळ फोटो उघडलेला असताना 'सेव्ह चेंजेस' दाबलंत तर मूळ फाइलवर काही लिहिलं जात नाही. शेजारी नवी फाइल तयार होते. नाव तेच, शेवटी अंडरस्कोर, इंग्रजी 'व्ही' आणि १. आपण तिला २०४१_व्ही१ म्हणू. फोल्डर उघडून खात्री करून घ्या, दोन्ही फाइली तिथे असतील.

आता डिजिकॅमच्या अल्बममध्ये परत या. 'ऑल्वेज शो ओरिजिनल इमेजेस'ची टिक केली नसेल तर इथे एकच फोटो दिसतो, क्रॉप केलेला. मूळ फोटो डिजिकॅमने झाकून ठेवलेला असतो, म्हणजे एकाच फोटोच्या पाच आवृत्त्यांची गर्दी नको म्हणून. हेतू चांगला आहे, पण नव्या माणसाच्या पोटात गोळा येतो. "मूळ गेला!" असं वाटून कार्डावरून सगळं पुन्हा कॉपी करणारे लोक मी पाहिलेत, आणि मग प्रत्येक फोटो दोनदा. म्हणून ती टिक.

मूळ फोटोपर्यंत जायचा दुसरा रस्ता उजव्या कडेला आहे. तिथल्या उभ्या पट्टीत 'व्हर्जन्स' नावाचा टॅब उघडा. २०४१ आणि २०४१_व्ही१ यांची वंशावळच तिथे मांडलेली असते. कोणते फिल्टर लावले त्याची यादीही मिळते. आधी क्रॉप केलं की आधी उजळलं, हे सहा महिन्यांनी कोणाला आठवतंय?

आता व्ही१ पुन्हा उघडलीत आणि 'सेव्ह चेंजेस' म्हटलंत, तर बदल व्ही१ मध्येच जातात. मूळ अजूनही सुरक्षित, पण तुमची पहिली क्रॉप गेली. ती हवी असेल तर 'सेव्ह ॲज न्यू व्हर्जन' म्हणा, म्हणजे व्ही२ होईल. आजीच्या फ्रेमसाठी एक, काकूसाठी काकांची एक अशा दोन क्रॉप हव्या असतील तर दोन्ही वेळा मूळ २०४१ पासूनच सुरुवात करा. व्ही१ मध्ये काका नाहीतच.

रॉ फोटो, म्हणजे कॅमेऱ्याने कच्च्या रूपातच ठेवलेले फोटो, काढणाऱ्यांना या बाबतीत चिंता कमी. एडिटर रॉ फाइलवर परत लिहीत नाही, नवी फाइलच करतो.

एडिट न करताही फाइल बदलते

व्हर्जनिंग चालू केलं की सुटलो, असं मी वर्षभर समजत होतो. पण व्हर्जनिंगचा पहारा फक्त इमेज एडिटरच्या दारात असतो. बाकीच्या दारांतून फाइल बदलत राहते.

पहिलं दार टॅग, तारे आणि मथळे. डिजिकॅम पहिल्यांदा सुरू करताना विचारतं, की ही माहिती फाइलींमध्ये लिहू का? आपण भराभर नेक्स्ट दाबत असतो. हो म्हटलेलं असेल तर फोटोला चार तारे दिले की ते त्या फाइलच्या आत लिहिले जातात. चित्राच्या एकाही पिक्सेलला धक्का लागत नाही, पण फाइल आता कॅमेऱ्यातून आली तशी नसते. कौटुंबिक फोटोंना याने फरक पडत नाही. पुरावा म्हणून काढलेला फोटो असेल, किंवा बॅकअपशी तुलना करायची असेल तर पडतो.

यावरचा उपाय म्हणजे साइडकार. सेटिंग्जच्या 'मेटाडेटा' पानावर 'साइडकार्स' टॅब आहे. तिथे लिहिण्याचा पर्याय चालू करून 'फक्त एक्सएमपी साइडकारमध्ये' असा निवडा. वाचण्याचीही टिक करा, नाहीतर लिहिलेलं डिजिकॅम पुन्हा वाचणार नाही. मग प्रत्येक फोटोशेजारी त्याच नावाची, शेवटी एक्सएमपी असलेली छोटी फाइल तयार होते आणि टॅग, तारे, मथळे तिच्यात जातात. मोटारसायकलला जोडलेल्या साइडकारसारखीच ही जोडगोळी: फोटो हलवला तर तीही हलवावी लागते. डिजिकॅममधून नाव बदललं किंवा फोल्डर बदलला तर ते स्वतः दोघींना सोबत नेतं. विंडोज एक्सप्लोररमधून नाव बदललंत तर साइडकार मागे पोरकी राहते. त्यामुळे 'काम' फोल्डरमधली हलवाहलव डिजिकॅममधूनच करायची, हा आमच्या घरी नियम आहे. मुलांनाही सांगून ठेवलाय.

दुसरं दार फोटो फिरवणं. थंबनेलवर माउस नेला की कोपऱ्यात फिरवायचे बाण येतात. त्यांनी फोटो फिरवला तर व्ही१ तयार होत नाही, बदल त्याच फाइलला होतो. तो कसा व्हावा हे 'मेटाडेटा' पानाच्या 'रोटेशन' टॅबवर ठरतं. नुसती खूण लिहून फिरवायचं, की आतले पिक्सेल खरोखर फिरवायचे. खूण निवडा. तिथेच 'गुणवत्ता घटली तरी चालेल' अशा अर्थाचाही एक पर्याय आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका.

तिसरं दार बॅच क्यू मॅनेजर. लग्नाचे तीनशे फोटो एकदम लहान करायचे असतील तर हेच हत्यार, पण इथे एका टिकची चूक तीनशेपट होते. क्यूच्या सेटिंग्जमध्ये दोन गोष्टी पाहा: निकाल कुठे जाणार आणि त्या नावाची फाइल आधीच असेल तर काय करायचं. निकालासाठी वेगळा अल्बम द्या. त्याच नावाची फाइल असेल तर आपोआप नवं नाव. ओव्हरराइट कधीच नाही.

खात्री करून घ्या

माझ्या शब्दावर विसंबू नका, पाच मिनिटं लागतात. एक फोटो घ्या आणि एडिट करण्याआधी त्याचा शा-२५६ हॅश काढा. हॅश म्हणजे फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा, फाइल जराही बदलली की तो बदलतो. विंडोजवर ७-झिप टाकलेलं असेल तर फाइलवर राइट-क्लिक केल्यावर तो पर्याय मिळतो. लिनक्सच्या डॉल्फिन या फाइल मॅनेजरमध्ये प्रॉपर्टीजमध्ये चेकसमचा, म्हणजे हॅशचाच, टॅब असतो. ६४ अक्षरांची एक ओळ मिळेल. आता डिजिकॅममध्ये त्या फोटोला तारे द्या, टॅग लावा, एफ४ दाबून क्रॉप करा, सेव्ह करा. मूळ फाइलचा हॅश पुन्हा काढा. अक्षर न् अक्षर तेच आलं तर घडी नीट बसली. एक जरी वेगळं आलं तर एखादं दार उघडं आहे, बहुतेक पहिलंच.

फिरवण्याची चाचणी यात मुद्दाम धरलेली नाही. खुणेनेही फाइल बदलू शकते.

बॅकअपमध्ये डेटाबेसही

तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर, हा नियम तुम्ही ऐकला असेल. पाळा. 'मूळ' फोल्डर बाहेरच्या डिस्कवर आणि तिची जोडीदार डिस्क भावाच्या घरी, एवढं केलं तरी पुष्कळ.

लोक विसरतात ती डिजिकॅमची वही. डिजिकॅम४.डीबी नावाची फाइल, जिच्यात कोणता फोटो कोणाची आवृत्ती, कोणते टॅग, हे सगळं नोंदलेलं असतं. डिजिकॅम बंद करून ती कॉपी करा.

क्लाउडला बॅकअप म्हणत असाल तर एक सेटिंग तपासा. गूगल फोटोजमध्ये 'स्टोरेज सेव्हर' चालू असेल तर फोटो दाबून ठेवला जातो आणि १६ मेगापिक्सेलहून मोठा असेल तर लहानही केला जातो. 'ओरिजिनल क्वालिटी' हवं. आणि व्हॉट्सॲपवरून मूळ फोटो मागवायचा असेल तर समोरच्याला डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

आधीच सेव्ह होऊन गेलं असेल तर

आशा लगेच सोडू नका. जुन्या डिस्कवर पिकासा वापरत होता का? २०१६ साली गूगलने ते बंद केलं, पण त्याची एक चांगली सवय अजून उपयोगी पडते. पिकासात सेव्ह केलं की मूळ फोटो त्याच फोल्डरमध्ये '.पिकासाओरिजिनल्स' नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये जायचा. विंडोजमध्ये लपवलेल्या फाइली दाखवा आणि एकेक जुना फोल्डर उघडा. मला असे चाळीसेक फोटो मिळाले. बारशाचा नव्हता, कारण तो मी पिकासात नाही, साध्या व्ह्यूअरमध्ये कापला होता.

डिजिकॅममधून डिलीट केलेले फोटो त्याच्या स्वतःच्या कचरापेटीत, कलेक्शनच्या मुळाशी '.डीट्रॅश' या लपलेल्या फोल्डरमध्ये असतात. आयफोनवरून आणलेल्या फोटोंत नंबरच्या आधी 'ई' असलेली फाइल एडिट केलेली आणि 'ई' नसलेली मूळ. गूगल फोटोजचा टेकआउट, म्हणजे तिथल्या सगळ्या फोटोंची डाउनलोड प्रत, काढलात तर मूळ आणि 'एडिटेड' अशा दोन्ही येतात.

कॅमेऱ्याचं कार्ड तेव्हापासून फारसं वापरलं नसेल तर ते बाजूला काढा, त्यावर आणखी एकही फोटो काढू नका आणि फोटोरेक हे पुसलेले फोटो शोधून काढणारं सॉफ्टवेअर चालवा. फुकट आहे, दिसायला रुक्ष आहे, पण काम करतं. सापडलेले फोटो दुसऱ्या डिस्कवर सेव्ह करा, त्याच कार्डावर नाही.

आणि नातेवाइकांना विचारा. त्या काळी समारंभ झाला की फोटोंच्या सीड्या वाटायचो आपण. गेल्या महिन्यात आत्याच्या कपाटात बारशाची सीडी निघाली, मार्करने लिहिलेलं बाळाचं नाव पुसट झालेलं. आमच्या दोन घरांत मिळून पाच लॅपटॉप आहेत आणि सीडी ड्राइव्ह एकालाही नाही. यूएसबीचा मागवलाय.